हळदीबाबाचं फडकं

त्या गुरुवारी जाम नदीच्या पुलापासून सावरगावापर्यंत माणसंच माणसं होती. दगडफेकीची गोटमार जत्रा नव्हती की आठवडी बाजार नव्हता. हळदीबाबा पोरांची ऍलर्जी तपासत होते, आणि तपासणीचं सामान म्हणजे हळदीच्या पाण्यात बुडवलेली ओली फडकी.

पद्धत सोपी. पोराला समोर बसवायचं, त्याच्या औषधाची गोळी फडक्यात धरायची आणि बाबांनी डोळे मिटून अंगठ्याने चोळायची. फडकं पिवळं राहिलं तर गोळी चालते. लाल झालं तर ती विष, आणि विषावर उतारा बाबांचाच काढा. काढ्याची बादली भरलेली असली की बरीच फडकी लाल होत.

"दवाई झूठ बोलते, डाक्टर झूठ बोलते, हळद कधीच झूठ बोलत नाही!" बाबा गरजले.

मी पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या ठिकाणी माझं डोकं तापतं. तरी त्या गुरुवारीही गेलो, कारण शेजारचे रघुनाथराव सून छाया आणि नऊ वर्षांच्या नातीला, गायत्रीला, घेऊन तिथे आले होते. गेल्या महिन्यात गायत्रीचे सांधे सुजले आणि त्या दुखण्यात हृदयाच्या झडपेला इजा झाली. डॉक्टर जयश्रीताई म्हणाल्या, झडप वाचवायची तर वर्षानुवर्षं नेमाने पेनिसिलीन घ्यावं लागेल. पण लहानपणी तापात त्याच जातीचं सिरप दिलं तेव्हा गायत्रीच्या अंगावर पुरळ उठलं होतं. तेव्हापासून घरात एकच पालुपद, "पोरीले ऍलर्जी हाय." ताई म्हणाल्या, तपासून पाहू. रघुनाथराव म्हणाले, आधी बाबाला दाखवतो.

बाबांनी पेनिसिलीनची गोळी चोळली. फडकं लाल.

"आता माह्या पोरीच्या दिलाचं काय होईन, बाबा?" छायाला रडू फुटलं.

"काढा पाज. दिल आपोआप जाग्यावर बसते. आन् हे दुसरं फडकं मनगटाले बांध, रक्षा होईन."

काळजी लागली की रघुनाथरावांचा हात चुन्याच्या डबीकडे जातो. त्यांनी तळहातावर तंबाखू मळला, चिमूट ओठाखाली ठेवली आणि कोरं पिवळं फडकं नातीच्या मनगटाला बांधायला घेतलं. गाठ बसता बसता तेही लाल झालं. गोळी तर जवळपास नव्हती.

"अरे बाप्पा! पोरीले आज्याचीच ऍलर्जी!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

बाबा क्षणभर गडबडले, पण धंदा मुरलेला. "हेच तं सांगून राहिलो मी! आज्याची सावली पडू देऊ नका पोरीवर."

"काहून?" रघुनाथराव ताडकन उठले. "रोज माह्या ताटात जेवते पोरगी. मी विष हाय का?"

औषध विष आहे हे त्यांनी मुकाट ऐकून घेतलं होतं. आपण स्वतः विष आहोत हे मात्र त्यांना काही केल्या पटेना. काही माणसांची बुद्धी अपमान झाल्यावरच जागी होते.

छाया सासऱ्यांच्या हाताकडे बघत होती. "मामाजी, तुमच्या अंगठ्याले चुना हाय. माह्या माहेरी कुंकू असंच करत. हळदीत चुना घालून."

हेच मी मागचे दोन-तीन गुरुवार येऊन ओरडत होतो. लोक म्हणायचे, गुरुजी, आधी चपला काढा.

इतक्यात संत्रं खात बसलेली गायत्री किंचाळली, "आबा, पाहा!" आंबट रसाची धार मनगटावर ओघळली होती आणि लाल फडकं पुन्हा पिवळं पडलं होतं. चुन्याने हळद लाल होते, आंबटाने मूळ रंगावर येते. संत्र्यांच्या मुलखात हा प्रयोग करायला प्रयोगशाळा कशाला हवी?

"बाबा, अंगठा दाखवा," मी म्हणालो. नखात चुना भरलेला. रघुनाथरावांनी त्यांचा हात धरून त्यावर अख्खं संत्रं पिळलं. मग तीच गोळी नव्या फडक्यात चोळायला लावली. फडकं पिवळंधमक!

"आज हळद रुसली," बाबा पुटपुटले. गर्दी खो खो हसली.

"म्हणजे गोळी चालते पोरीले!" एकजण म्हणाला, आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

"अरे, फडक्याला काय कळतं पोरीच्या अंगातलं? लाल झालं तेव्हा कळत नव्हतं, आता पिवळं राहिलं तरी कळत नाही!"

ते कळलं दवाखान्यात. जयश्रीताईंनी गायत्रीच्या हातावर औषधाचा थेंब ठेवून सुईने हलकंसं टोचलं. गांध उठली नाही. मग औषधाचा अगदी थोडा डोस, बराच वेळ नजर, मग पूर्ण डोस. रिॲक्शन आलीच तर द्यायचं इंजेक्शन शेजारी तयार होतं. "घरी असा प्रयोग करू नका," त्यांनी बजावलं. "काही पोरांना खरंच ऍलर्जी असते, जिवावर बेतते. पण तापातलं प्रत्येक पुरळ औषधाचं नसतं."

रघुनाथराव सगळा वेळ बाकावर बसून होते. चुन्याची डबी त्यांनी घरीच ठेवली होती. गायत्रीला काहीही झालं नाही.

मग पेनिसिलीनचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते दुखतं. गायत्रीने भोकाड पसरलं आणि आजोबांचा तोच अंगठा मुठीत घट्ट धरला.

"रड, माय," रघुनाथराव दुसऱ्या हाताने तिचे डोळे पुसत म्हणाले. "तुहं दिल वाचून राहिलं."

माझेही डोळे भरून आले. म्हणून हात जोडून सांगतो: शंका आली तर जरूर तपासा. पण ज्याला तपासता येतं त्याच्याकडून तपासून घ्या. पोराच्या जिवाचा निकाल फडक्यावर सोडू नका.