चारशे बारावा खूर

रिसाल्याचा इतिहास जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत छापलेला आहे. कुठल्या साहेबानं कुठल्या सामन्यात चांदीचा पेला जिंकला, त्याला अडीच पानं. घोड्यांच्या शेवटाला एक ओळ: ‘युद्धसमाप्तीनंतर परतीच्या जहाजावर जागा नसल्यामुळे चारशे बारा घोड्यांना वेदनारहित मरण देण्यात आले.’ नालबंदानं ती ओळ कधी वाचली नाही. त्याला आकडे तेवढे येत, कारण तेच तो खुरांवर डागायचा. पण ती ओळ खोटी आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

जागा नव्हती म्हणे. तीन साहेबांच्या तीन घोड्यांना झाली. मारण्याआधी सगळ्यांचे नाल उपटून घ्यायचे होते, त्या लोखंडालाही झाली. ज्यांनी चार वर्षं माणसं आणि तोफा वाहिल्या, त्यांनाच तेवढी नव्हती.

नालबंदाचा धाकटा भाऊ याच रिसाल्यात स्वार होता. लढाईच्या दुसऱ्या वर्षी छातीत गोळी लागून गेला. मागे राहिली त्याची घोडी, नंबर दोनशे सात. ती इतकी नखरेल की भाऊ तिला बाईसाहेब म्हणायचा. नाल ठोकायला पाय मागितला की मान फिरवायची. मग भाऊ कमरेत वाकून म्हणायचा, “बाईसाहेब, मेहेरबानी करा, पाय द्या.” तेव्हा कुठे डावा पाय वर यायचा. “बायकोपुढे कधी इतका वाकलास का रे?” असं नालबंद विचारायचा. भाऊ गेल्यावर ते वाक्य तोच म्हणायला लागला. घोडी त्यालाही पाय द्यायची. भावाचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं, आणि ते त्याला मरू द्यायचं नव्हतं.

नियम मोठा कडक होता. प्रत्येक घोड्याचा नंबर पुढच्या डाव्या खुरावर डागलेला असे. घोडा मेला की तो खूर तोडून घोड्यांच्या डॉक्टरला दाखवायचा, म्हणजे कुणी जनावर गुपचूप विकलं नाही याची खात्री. तोडायचं काम नालबंदाचंच होतं.

आदल्या दिवशी एक घोडा पोटशूळानं मेला होता. त्याचा पुढचा खूर त्याच्या स्वतःच्या नंबरासाठी दाखवून झाला होता, म्हणून नालबंदानं मागचा डावा खूर काढून घेतला. मागचा खूर निमुळता असतो. त्यानं तो कानशीनं घासून गोल केला, वर दोनशे सात डागलं, आणि डाग ताजा दिसू नये म्हणून राख आणि तेल चोळलं. इतकं सफाईदार काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, आणि कौतुकानं दाखवावं असं एक माणूस नव्हतं.

घोडी त्यानं पहाटेच छावणीत पाणी पोचवणाऱ्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. एकमेकांची भाषा कळत नव्हती. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला, घोडीच्या कपाळावरून फिरवला. तेवढ्यावर नालबंदानं विश्वास टाकला.

घोड्यांना छावणीमागच्या दगडाच्या खाणीत नेलं. दिवसभर तिथं गोळ्या वाजत राहिल्या. पन्नासाव्या खुरानंतर डॉक्टरनं नाकाला लावलेला रुमाल काढलाच नाही. तो फक्त आकडे बघत होता. चारशे बारा भरले, त्यानं खाली सही केली.

मग जहाजच आलं नाही. आज येतं, उद्या येतं करता करता चार महिने गेले. बिनघोड्यांच्या रिसाल्यात नालबंदाला खोकी ठोकायचं काम लागलं. अखेर जहाज लागलं. निघायच्या आदल्या दिवशी तो बंदरावरच्या रस्त्यानं जात असताना दगडांची एक गाडी चढावर अडली होती. जुंपलेली घोडी ओळखीची वाटली, पण गाडीवान वेगळाच होता. म्हाताऱ्याचं काय झालं ते कधीच कळलं नाही.

घोडीच्या बरगड्या मोजता येत होत्या. जोखडाखाली मांस उघडं पडलं होतं, एक डोळा गेला होता. ती तीच असेल असं त्याच्या मनाला पटेना. त्यानं जवळ जाऊन हलकेच म्हटलं, “बाईसाहेब, मेहेरबानी करा, पाय द्या.”

डावा पाय वर आला.

दोनशे सात. खूर वाढून आकडा दोन बोटं खाली उतरला होता. त्यानंच तिला इथं आणून सोडलं होतं. खाणीत एका गोळीत सुटली असती.

तो तडक डॉक्टरकडे गेला. बंदुका खोक्यांत बंद होऊन जहाजावर चढल्या होत्या. पिस्तूल फक्त साहेबांच्या कमरेला होतं.

“साहेब, मी लबाडी केली. दोनशे सात जिवंत आहे. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण तिला एक गोळी द्या.”

डॉक्टरनं उठून दार लावलं. “दोनशे सात मेली. खूर मी स्वतः पाहिला.”

“तो तिचा नव्हता, साहेब.”

“खाली माझी सही आहे. तिला आज मारली तर चार महिन्यांपूर्वी कोण मेलं, हे मी लिहून देऊ? घरी आई आहे ना तुझी? उद्या जहाजात बस, आणि हे पुन्हा बोलू नकोस.”

नालबंद बाहेर आला. पाय तासायची सुरी त्याच्या पिशवीत होती. पण सुरीनं घोडं एका घावात जात नाही, आणि तिच्यावर त्याचा हात उठला नसता. त्यानं नालांच्या खोक्यातून तिच्या मापाचे चार नाल घेतले आणि चढावर परत गेला.

गाडी तिथंच होती. तो गुडघ्यावर बसला. पायात अडकलेले खडे काढले, फाटलेल्या कडा तासल्या. पहिला खिळा हातात घेऊन तो थांबला. नाल नसले तर ती लंगडत महिन्याभरात संपेल. असले तर ओढत राहील. हे त्याला चांगलं कळत होतं. घोडी पाय वर धरून उभी होती आणि तिचा पाय थरथरत होता.

त्याला तो थरथरणारा पाय बघवेना. त्यानं खिळा ठोकला.

चारही नाल बसल्यावर गाडीवानानं लगाम झटकला. गाडी सरसर चढ चढली. गाडीवान खूश होऊन मागे वळला आणि नालबंदाकडे बघत दोन बोटं वर केली. अजून दोन वर्षं सहज ओढेल.