अकराचा फोन

दादाने घातलेली अट साधी होती, आणि साध्या अटीतून पळवाट काढता येत नाही. वडिलांनी रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला त्याचा फोन उचलायचा, एवढेच. गेल्या आठ महिन्यांत तो एकोणीस वेळा लागला नव्हता. विसाव्या वेळी दुकानाला कुलूप लागणार होते आणि वडिलांचा मुक्काम दादाच्या शहरात, चौथ्या मजल्यावर हलणार होता. तिथे त्यांच्यासाठी खोली रंगवून तयार होती.

"रंगसुद्धा त्यांच्या आवडीचा दिलाय," दादाने सांगितले होते.

"त्यांना कोणता रंग आवडतो?" धाकटीने विचारले.

"फिका," दादा म्हणाला.

धाकटी नुसती नावाची धाकटी. वय शेहेचाळीस, डोक्यावर निम्मे केस पांढरे. ती एका प्रयोगशाळेत तापमापके तपासत असे. तापमापक सदतीस अंश दाखवते म्हणजे ताप सदतीस आहे, असे जग मानते. तापमापक स्वतः किती खोटे बोलते हे पाहणे हे तिचे काम. वडील घड्याळजी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग सरळ करत. हात थरथरत नसे. कान मात्र गेले होते, आणि त्यांची उणीव दोन श्रवणयंत्रे भरून काढत. फोनशी ती बिनतारी जोडलेली असत, त्यामुळे कॉल थेट कानात वाजे आणि यंत्रावरची कळ दाबली की बोलता येई.

म्हणजे यायला हवे होते. दादाला मात्र "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" एवढेच ऐकू येई. मग तो शेजारच्या चष्मेवाल्याला फोन करी, आणि चष्मेवाला दारातून डोकावून त्याला कळवी, "आहेत, काम करताहेत. आता मीसुद्धा करू का माझं?" संध्याकाळी वडिलांना विचारले की ते शांतपणे म्हणत, "मला कोणाचा फोन आलाच नाही." फोनची बॅटरी तोवर तळाला गेलेली असे. "चार्ज केला होता का?" "रात्रभर लावला होता." या दोन उत्तरांनीच दादाची झोप उडवली होती. फोन न लागणे एक वेळ समजू शकते; पण माणूस 'चार्ज केला' म्हणतो, तो झालेला नसतो, 'फोन आला नाही' म्हणतो, तो आलेला असतो. या वयात याचा अर्थ काय होतो, हे त्याने बोलून दाखवले नाही. एका डॉक्टरांचा नंबर मात्र पाठवला.

धाकटीने तो नंबर जपून ठेवला आणि आधी फोनवर संशय घेतला. जुना फोन चार वर्षांचा होता, आणि बॅटरीही म्हातारी होतेच. माणसाच्या डोक्यात हात घालण्यापूर्वी उपकरण बदलून पाहावे, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम होता.

पुढच्या रविवारी ती फोनच्या दुकानात गेली. पर्समध्ये वडिलांचे सिमकार्ड होते आणि त्यांच्याकडून मागून आणलेले, डाव्या कानाचे श्रवणयंत्र.

"हा घ्या मॅडम," विक्रेता म्हणाला. "दोन दिवस बॅटरी हलत नाही."

"कोणत्या परिस्थितीत?"

"म्हणजे?"

"पडद्याचा उजेड किती होता? बोलणं किती मिनिटं झालं? ब्लूटूथ चालू होतं का?"

"मॅडम, खोक्यावर लिहिलंय ना."

"खोक्यावर ते खोकं विकणाऱ्याने लिहिलंय."

विक्रेत्याने खोक्यावरच्या बॅटरीच्या मोठ्या आकड्याकडे बोट दाखवले. तो आकडा टाकीत किती तेल मावते ते सांगतो, गाडी किती पळेल ते सांगत नाही, असे तिने त्याला समजावले. त्याने मान डोलावली. असे गिऱ्हाईक दिवसात एखादे तरी येते, आणि मान डोलावणे हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, हे त्याला ठाऊक असावे.

मग तिने श्रवणयंत्र स्वतःच्या कानात घातले, एकेका फोनला ते जोडले, आणि फोन काउंटरवर ठेवून विक्रेत्याला स्वतःच्या मोबाइलवरून त्यावर कॉल लावायला सांगितला. "आता एकपासून मोजत राहा," असे म्हणून ती दुकानाबाहेर चालू लागली. पहिल्या फोनचा आवाज दारातच तुटला. दुसरा पायरीपर्यंत टिकला. तिसऱ्या वेळी ती फुटपाथवरून पुढे गेली, शिंप्याचे दुकान ओलांडले, आणि कानात विक्रेत्याचा आवाज येतच होता: "...एकतीस, बत्तीस, मॅडम परत येणार ना? तेहतीस..."

तिसरा फोन तिने घेतला. सिम आणि श्रवणयंत्र त्याच संध्याकाळी वडिलांना परत केले, पण फोन लगेच दिला नाही. पाच दिवस स्वतःचे सिम घालून जवळ ठेवला, वहीत रकाने आखले, दर दोन तासांनी दहा मिनिटे बोलणे, ब्लूटूथ सतत चालू. सकाळी सातला शंभर टक्के, रात्री दहाला एकसष्ट. पाचही दिवस, एक-दोन टक्क्यांच्या फरकाने. तापमापके इतकी प्रामाणिक असती, तर तिची नोकरी गेली असती.

रविवारी तिने फोन वडिलांच्या हाती दिला.

"तपासलास?" वडिलांनी विचारले.

"पाच दिवस."

"जावई पसंत करतानासुद्धा आम्ही एवढे दिवस घेतले नव्हते."

"म्हणून तर या वेळी घेतले," ती म्हणाली, आणि दोघेही हसले.

सोमवारी सकाळी अकराला दादाने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. चारला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. विसावी वेळ झाली होती, वर एक जास्तीची. संध्याकाळी धाकटी वडिलांच्या घरी पोचली तेव्हा नव्याकोऱ्या फोनमध्ये तेवीस टक्के उरले होते.

"आज कोणाचाच फोन नाही आला बघ," वडील म्हणाले. "दादा कामात असेल."

दादाचा फोन तिलाच आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होते. "छोटे, शनिवारी गाडी घेऊन येतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस. फोन बदलून पाहिलास ना? आणखी काय करणार आपण?"

रात्री घरी परतल्यावर तिने वही उघडली. फोन: ठीक. जोडणी: ठीक. रेंज: ठीक, कारण चष्मेवाल्याचा मोबाइल भिंतीपलीकडे दिवसभर वाजत असतो. एकेक शक्यता वगळत गेले की शेवटी जी उरते तिला कारण म्हणायचे. हे तिने उमेदवारी करणाऱ्यांना वर्षानुवर्षे शिकवले होते. तिने नेहमीच्या स्वच्छ अक्षरात लिहिले: उरले: बाबा. मग बराच वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत राहिली. वरच्या पानांवर तिने एकोणीस वेळांच्या तारखा टिपल्या होत्या. त्यांत एकही रविवार नव्हता, हे तिनेच कधीतरी समासात लिहिले होते आणि पुढे "थकवा?" असे प्रश्नचिन्ह टाकून सोडून दिले होते.

मंगळवारी तिने रजा टाकली आणि दुकान उघडायच्या वेळी जाऊन स्टुलावर बसली.

"कशाला आलीस? राखण करायला?" वडिलांनी विचारले.

"बघायला."

"बघ. तिकीट नाही."

दुकान म्हणजे आठ फूट बाय सहा फुटांची खोली. टेबल, दिवा, भिंतीवर आपापली वेळ दाखवणारी दुरुस्तीची घड्याळे. वडिलांनी टेबलावर पांढरा कागद पसरला. चिमटे ओळीने मांडले. मग खिशातून नवा फोन काढला, मऊ फडक्यात गुंडाळला, फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली घेतला, फोन त्यात ठेवला आणि तळव्याने झाकण घट्ट बसवले. ही सारी हालचाल इतक्या सवयीची होती की त्यांनी डब्याकडे पाहिलेही नाही.

धाकटीने मात्र पाहिले.

"बाबा, हे काय केलंत?"

"फोन ठेवला."

"डब्यात?"

"मग काय गिऱ्हाइकाच्या घड्याळाशेजारी ठेवू?" त्यांनी डोळ्याचे भिंग वर सरकवले. "त्याच्या कर्ण्यात चुंबक असतं. आठ-नऊ महिने झाले असतील, त्या निवृत्त मुख्याध्यापकांचं घड्याळ दिवसाला बारा मिनिटं पुढे पळायला लागलं. माझ्या हातचं घड्याळ. आणि मुख्याध्यापक म्हणतात, 'आयुष्यभर मुलं उशिरा आली, आता मीच लवकर पोचतोय.' होकायंत्र जवळ नेलं तर सुई फिरली. स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलेलं. फोन टेबलावर असायचा. तेव्हापासून असं केसाएवढ्या स्प्रिंगचं काम निघालं, की त्या दिवशी फोन लोखंडी पत्र्याच्या डब्यात. पत्रा चुंबकाला आतच धरून ठेवतो, हे तुला मी काय सांगायचं?"

"तो आणखीही बरंच आत धरून ठेवतो," ती म्हणाली.

तिने स्वतःचा मोबाइल काढून वडिलांचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. झाकण काढून, फोनला रेंज सापडेपर्यंत थांबून पुन्हा लावला. वडिलांचा हात आपोआप कानाकडे गेला. झाकण लावले: बाहेर. काढले: वाजला. पुन्हा लावले, पुन्हा काढले.

"सहा वेळा कशाला?" वडिलांनी विचारले. "तिसऱ्यांदाच खात्री झाली की."

"माझी पहिल्यांदाच झाली होती," ती म्हणाली.

"पण तो बिनतारी ना?" वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात वरमलेपणापेक्षा फसवले गेल्याची तक्रार होती. "दीड फुटी भिंतीतून येतो. हा एवढासा पत्रा त्याला अडवतो?"

"वीट त्याला थोडीफार वाट देते. धातू देत नाही. आणि आत कोंडला की तो टॉवर शोधत राहतो. उत्तर आलं नाही की जास्त जोर लावतो. दिवसभर हाका मारून मारून बॅटरी संपते."

"म्हणजे ऐकू येत नाही म्हणून ओरडतो."

"तसंच."

"मग माझा त्याच्यावर राग नाही," वडील म्हणाले.

मग त्यांनी भिंग उतरवून ठेवले आणि लेकीकडे रोखून पाहिले. तरुणपणी शिकाऊ कारागिराकडे ते असेच पाहत. "तू पाच दिवस तपासलास, तेव्हा डब्यात ठेवला होतास?"

"नाही."

"मग कोणता फोन तपासलास? घड्याळ माझ्या टेबलावर बरोबर चाललं, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर चाललं पाहिजे. कोणी लाकडं फोडतो, कोणी उशाशी ठेवून झोपतो. आधी माणूस विचारायचा, मग घड्याळ उघडायचं."

"तुम्हीही सांगितलं नाहीत, डब्याचं."

"तू फोनबद्दल विचारलंस. डब्याबद्दल कोणी विचारलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे दुसऱ्या कोणाला ऐकवताना तिला नेहमी बरे वाटे. आज ते स्वतःला ऐकवावे लागत होते, आणि नवल म्हणजे आजही बरेच वाटत होते. वडिलांनी रात्रभर फोन चार्ज केला होता. त्यांना खरेच कोणाचा फोन आला नव्हता. रविवारी दुकान बंद, म्हणून डबाही नाही. आठ महिने ते शब्दशः खरे बोलत होते.

चुंबकाचा प्रश्न मात्र खरा होता, आणि तो झटकून टाकणे दोघांच्याही स्वभावात नव्हते. वडिलांनी खणातून छोटे होकायंत्र काढून टेबलावर ठेवले. धाकटीने फोन जवळ नेला, सुई वळली. मग तिने तो बोटभर बोटभर मागे घेतला. दीड वितीवर सुई जागच्या जागी थांबली. खबरदारी म्हणून हे अंतर चौपट धरायचे असे ठरले, आणि समोरच्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर फोनची जागा नक्की झाली. ती टेबलापासून सहा विती भरली. शिंप्याच्या दुकानापलीकडे पोचणाऱ्या फोनला सहा विती म्हणजे काहीच नव्हते. धूळ बसू नये म्हणून वडिलांनी त्यावर एक काचेची हंडी पालथी घातली. धाकटीने फोन लावून पाहिला. काचेतून वाजला.

अकराला दोन मिनिटे असताना वडील एका मनगटी घड्याळाचे चक्र बसवत होते. दोन्ही हात गुंतलेले. कानात घंटी वाजली तशी त्यांनी चिमटा न सोडता डाव्या हाताच्या मनगटानेच यंत्रावरची कळ दाबली. धाकटीला एकच बाजू ऐकू येत होती.

"हं, बोल... कोण म्हणजे? ज्याला लावलास तोच... हो, दुकानातच... नाही, चष्मेवाल्याला नको त्रास देऊ, त्याला काम असतं." मग बरीच शांतता. "फोन ना? डब्यात ठेवत होतो... बिस्किटांच्या... हसतोयस का? हस. तुझी बहीणसुद्धा हसायचं टाळतेय, तिचं तोंड बघतोय मी." पुन्हा शांतता. या वेळी त्यांनी चिमटा खाली ठेवला. "अरे, खोली राहू दे तशीच. पाहुणा म्हणून येईन. आठ दिवस. रंग कोणता म्हणालास? ...बरं. फिका चालेल. आता ठेव, चक्र अर्धवट बसलंय. चारला कर."

चारला दादाने केला. सव्वाचारला त्याने धाकटीला केला. "उचलला," एवढेच तो म्हणाला, आणि नाक ओढल्यासारखा आवाज आला. सर्दी असेल, असे तिने सभ्यपणे गृहीत धरले.

संध्याकाळी सहाला फोनमध्ये एकाहत्तर टक्के होते. तिने वही उघडून आकडा टिपला. मग मागचे पान काढले. प्रयोगशाळेचा नियम असा, की चुकीची नोंद कधीही पुसायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, मूळ अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. हा नियम मोडल्याबद्दल तिने दोन उमेदवारांना घरी पाठवले होते. 'उरले: बाबा' या शब्दांवर ती पेन गिरवत राहिली, कागद फाटायला येईपर्यंत, अक्षराचा मागमूसही उरेना तोपर्यंत. सही केली नाही.

"काय खरडतेयस एवढं?" वडिलांनी शटरला हात घालत विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "माझं एक माप चुकलं होतं."