काळूचा मालक

जनावरांच्या डॉक्टरांना आपल्या स्मरणशक्तीचा भारी अभिमान. कपाटातली कार्डं ते जनावराच्या नावाने लावत, आणि एका नावाची तीन निघाली तरी "मी ओळखतो की" म्हणून मोकळे होत. मग एकदा काळू नावाच्या बोक्याच्या घरी, त्याला सकाळ-संध्याकाळ साखळी बांधून फिरवून आणा, अशी सूचना गेली. बोक्याने मालकाला बोचकारून काढलं आणि डॉक्टरांच्या सुनेने दवाखान्यात कॉम्प्युटर आणून ठेवला.

सून डेटाबेस बनवायच्या नोकरीत होती. तिने दोन तक्ते केले, एक मालकांचा, एक जनावरांचा. प्रत्येकाला स्वतःचा नंबर, दुसऱ्या कुणाला न मिळणारा आणि कधी न बदलणारा. मग सगळ्या गावाने काळू नाव ठेवलं तरी बिघडत नाही. ही प्रायमरी की, तिने सांगितलं. आणि जनावराच्या ओळीत त्याच्या मालकाचा नंबर लिहायचा, ती फॉरेन की. "म्हणजे साखळी," डॉक्टर म्हणाले. सुनेला ते इतकं पटलं की तिने ऑफिसातही तसंच सांगायला सुरुवात केली. साखळीचं दुसरं टोक मात्र खऱ्या मालकाच्या हातात हवं. तक्त्यात नसलेला मालक चालणार नाही, रकाना रिकामाही चालणार नाही. डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं, मग येणाऱ्याजाणाऱ्याला तेच समजावून सांगू लागले.

गावात पोहायला शिकवणाऱ्या बाई वारल्या तेव्हा त्यांचा कुत्रा, तोही काळूच, दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायला आला. म्हातारा, एका डोळ्याने अधू. बाईंचा मुलगा जहाजावर नोकरीला, त्याचं स्वतःचंच घर नाही तर कुत्र्याला कुठे ठेवणार? निघण्याआधी तो डॉक्टरांकडे एक विनंती घेऊन आला. आईचा फोन अजून त्याच्या खिशात असायचा, आणि त्यावर दवाखान्याच्या कॉम्प्युटरचा निरोप यायचा, की आपल्या लाडक्या काळूची लस द्यायची आहे. तेवढं आईचं नाव काढून टाका, तो म्हणाला, आणि काळूच्या कानामागे खाजवून पटकन निघून गेला.

डॉक्टर स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले. मशीनने साफ नकार दिला. या मालकाच्या नावावर जनावर आहे, नोंद काढता येणार नाही. डॉक्टरांचा पारा चढला. माझ्याच दवाखान्यात मलाच नाही म्हणतंय, असं त्यांनी ऑफिसातून परतताना डोकावलेल्या सुनेला ऐकवलं.

तिने शांतपणे सांगितलं की मालकाबरोबर त्याची जनावरंही एका फटक्यात पुसली जातील, अशी सोय असते, पण ती तिने मुद्दाम बंद ठेवली आहे.

"मग मालकाचा रकाना रिकामा राहू दे. या एका कुत्र्यापुरता."

"एकापुरता नियम नसतो, बाबा. रिकामा चालतो म्हटलं, की कुणाचंच नसलेलं जनावर इथे पडून राहील आणि मशीन चकार शब्द काढणार नाही. आत्ता ते निदान विचारतंय, हा कुणाचा?"

 काळूसाठी डॉक्टरांचं ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं होतं. दुसऱ्या दिवशी बेवारस जनावरांच्या निवाऱ्याची गाडी त्याला न्यायला येणार होती. तिथून म्हाताऱ्या कुत्र्याला कुणी घरी नेत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि घरी? स्वतःची कुत्री गेली तेव्हा त्यांनीच बजावलं होतं, आता या घरात चार पायांची फक्त खाट येईल. सुनेला हे लग्नानंतर कळलेलं. काळू तिला मनापासून हवा होता, पण सासऱ्यांचं दुखरं ठिकाण तिला माहीत होतं. ती खुर्ची पुसत राहिली.

मागच्या खोलीत काळू उठला, फिरून परत तिथेच बसला.

डॉक्टरांनी चष्मा नीट केला आणि एका बोटाने नवा मालक टाइप करायला घेतला. स्वतःचं नाव, स्वतःचा फोन. मशीनने त्यांना सगळ्यांच्या खालचा नंबर दिला.

"दवाखाना मी काढला, आणि नंबर शेवटचा?"

"उशिरा आलात, बाबा," सून म्हणाली. 

काळूच्या ओळीत त्यांनी तो नंबर लिहिला. मग बाईंचं नाव काढायला मशीनने मुळीच हरकत घेतली नाही. बाई डॉक्टरांना आवडायच्या, माणूस म्हणून फार आवडायच्या.

काही दिवसांनी घरात सगळे जेवायला बसले असताना डॉक्टरांचा फोन वाजला. आपल्या लाडक्या काळूची लस द्यायची आहे, कृपया घेऊन यावे. मजकूर त्यांनीच लिहिलेला, गावभर पाठवलेला, पण स्वतःला कधी आलेला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला. अक्षरं फार बारीक आहेत म्हणत डोळे पुसले. टेबलाखाली काळू त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता, म्हणून पाय न हलवता त्यांनी एका बोटाने उत्तर लिहिलं, "घेऊन येतो."

ते उत्तर दवाखान्यातच जाणार होतं आणि सकाळी डॉक्टरच ते उघडून वाचणार होते. तरी त्यांनी पाठवलं.