खायच्या मुहूर्ताआधी

तिस्साचं आणि राहूचं कधी पटलंच नाही. घाट चढायच्या आधी देवळाच्या पेटीत नाणं टाकल्याशिवाय गावातला एकही रिक्षावाला पुढं जायचा नाही. तिस्सा मात्र आपली रिक्षा घेऊन देवळाकडं मान न वळवता भुर्रकन निघून जायचा. मागं बसलेली बाई घाबरली तर म्हणायचा, ब्रेक परवाच बदललेत अक्का, देवाला कशाला त्रास. राहूकाळात लोक उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसत, तेव्हा हा मोकळ्या रस्त्यावर शीळ घालत फिरायचा.

पण बाहेर माणूस कितीही वाघ असू दे, घरात अम्मा असली की निम्मं देवभोळं होऊनच राहावं लागतं. तिस्साची बायको कामाला दुबईत. घरात तो आणि अम्मा, दोघंच. त्यामुळं नवं वर्ष आलं की अम्मानं सांगितलेल्या रंगाचा सदरा हा मुकाट घालायचा, नारळ खवून द्यायचा, फटाक्यांची माळ आणायचा. तोंड तेवढं चालू असायचं. म्हणायचा, सूर्य काय आपल्या चुलीकडं बघून चालतो का? अम्मा म्हणायची, तू गप नारळ खव.

त्या वर्षी नोनगत पहाटेच लागलं. नोनगत म्हणजे जुनं वर्ष सरलेलं आणि नवं अजून घरात न आलेलं, ती मधली रिकामी वेळ. त्यात काम करायचं नाही आणि तोंडात काही घालायचं नाही. जोशांनी वेळा काढल्या होत्या: चूल पेटवायची दुपारी, आणि पहिला घास उन्हं कलल्यावर.

आता अम्माला शुगर. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. एरवी तिस्सा बघायचा ते, पण त्या दिवशी तो झोपला होता. काम करायची बंदी, हा एकच नियम त्याला मनापासून पटलेला. अम्मानं आपली आपण सुई टोचून घेतली. औषधाला नोनगत लागत नाही असं तिला विहारातल्या भिक्खूंनी सांगितलं होतं. सुईनंतर जेवावं लागतं, त्याचं काय करायचं, हे तिनं विचारलं नाही, आणि भिक्खूंना काय ठाऊक ती सुई कसली ते. झालं, बाई तशीच उपाशी बसली.

दुपारी चूल पेटली. दूध उतू गेलं, तेही ज्या बाजूनं जायला हवं त्याच बाजूनं. अम्मा खूश. तिनं नारळाच्या दुधातला भात थापला, वड्या पाडून केळीच्या पानावर मांडल्या. शेजारी तळलेले गोड कवुम, केळी, गुळाचा खडा, मधोमध समई. सगळं समोर मांडून मायलेकरं खायच्या मुहूर्ताची वाट बघत चटईवर बसली. तिस्साच्या पोटात कावळे ओरडत होते. म्हणाला, हे जोशी स्वतः तरी उपाशी बसतात का गं? अम्मा काहीच बोलली नाही.

ती बोलली नाही, इथंच त्याला शंका यायला हवी होती.

थोड्या वेळानं तिनं त्याला हाक मारली ती त्याच्या बापाच्या नावानं. बाप जाऊन बारा वर्षं झालेली. तिस्सानं वळून बघितलं तर दारातून गार वारा येत होता आणि अम्माचं कपाळ घामानं डबडबलेलं. हात थरथरत होते. पदराचं टोक धरायला जात होती आणि बोटं दुसरीकडंच पडत होती.

"सुई घेतलीस?"

"घेतली की."

"आणि खाल्लंस काय?"

"आता कसं खाणार, पोरा," अम्मा म्हणाली, जसं काही हाच वेड्यासारखं विचारतोय.

तिस्सानं खिशातून मोबाईल काढला. त्यानं दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, हाताशी असेल ते गोड आधी पोटात घाला, मग इकडं आणा. आणि एक सांगते, शुद्ध गेली तर तोंडात काही ओतू नका, श्वासनळीत जाईल. दवाखाना घाटाच्या पलीकडं. तिथंवर अम्मा शुद्धीवर राहणार नाही, हे तिच्या डोळ्यांकडं बघूनच कळत होतं.

त्यानं गूळ पाण्यात कालवला. अम्मानं तोंड फिरवलं. त्यानं केळं सोलून ओठाला लावलं, तिनं दात आवळले. त्यानं विनवलं, हात जोडले. मग ओरडला, की आकाशातल्या गोळ्यांना तुझ्या केळ्याशी काही देणंघेणं नाही. त्यानंतर जबरदस्तीच करायला गेला, तर म्हातारीत कुठून बळ आलं कोण जाणे, तिनं पेला असा भिरकावला की गुळाचं पाणी भिंतीवरून ओघळलं.

"वर्षाच्या तोंडाला मला पाप करायला लावतोस?" ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "वाजू दे. वाजलं की खाते."

तिस्सा तिच्याकडं बघत राहिला. मोतीबिंदूमुळं तिला भिंतीवरचं घड्याळ दिसतच नव्हतं. मान एका बाजूला कलती करून ती नुसती ऐकत होती. मुहूर्त लागला की गावभर फटाके वाजतात, त्यांची वाट बघत होती. आणि मान आता हळूहळू छातीवर येत होती.

तो उठला. फळीवरची माळ काढली आणि अंगणात आला. पहिली काडी विझली. दुसरीही विझली. त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली, की अरे, तू तर हे काही मानत नाहीस, मग घाम कशाला फुटलाय? तिसरी काडी धरली. माळ कडकडली.

सगळी आळी पहाटेपासून उपाशी. भुकेल्या माणसाला घड्याळ नेहमी मागंच वाटतं. शेजारच्या मार्टिनमामानं लगेच आपली माळ लावली. खालच्या अंगाला आणखी दोघांनी लावली. टीव्हीवर वेळ बघायला कुणी थांबलं नाही.

तिस्सा धावत आत आला. अम्मानं मान वर केली होती. त्यानं वडी उचलून तिच्या तोंडाशी नेली, तर तिनं त्याचा हात बाजूला सारला. पहिला घास थोरल्यानं धाकट्याला भरवायचा, ही रीत. ती चाचपडत पानाकडं गेली, भाताचा तुकडा मोडला, आणि तो हात काही त्याच्या तोंडापर्यंत पोचेना. कधी गालाला लागतोय, कधी हनुवटीला. शेवटी तिस्सानंच वाकून तिच्या बोटांतून तो घास ओढून घेतला आणि न चावता गिळला.

"आता तू," तो म्हणाला.

तिनं तोंड उघडलं. गूळ, केळं, कवुम, गुळाचं पाणी, जे हाताला लागेल ते तो देत गेला. ती सावकाश गिळत होती. बऱ्याच वेळानं थरथर थांबली, नजर जागेवर आली.

"तिस्सा," ती म्हणाली, "सदरा कसा भिजला रे तुझा?"

आपल्या नावानं हाक ऐकली आणि तिस्सा भिंतीला टेकून खालीच बसला.

तेवढ्यात खरा मुहूर्त लागला. दरीपलीकडच्या गावात फटाके उठले, मग शहराकडं, मग सगळ्या डोंगरात. विहारातली घंटा वाजायला लागली. त्यांच्या आळीत तेवढं चिडीचूप. आळीनं घड्याळाकडं बघितलं ते तेव्हा.

मार्टिनमामाची बायको सोमावती अक्का भाताचा हात तसाच घेऊन दारात आली. मागं मार्टिनमामा, त्याच्याही मागं त्यांची लेक दिलहानी, आठवा महिना लागलेली. आधी कुणी वाजवला, असं अक्कानं विचारलंसुद्धा नाही. एवढा मोठा शहाणा आळीत एकच. ती म्हणाली, मेल्या, थट्टेला तुला आजचाच दिवस मिळाला?

तिस्सानं सुईचं सांगितलं. अक्कानं अम्माकडं बघितलं, जवळ बसून तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि जरा नरमली. पण जरा वेळच.

"हिच्यासाठी केलंस ते बरोबर," ती म्हणाली. "पण माझ्या पोरीनं वर्षाचा पहिला घास अवेळी खाल्ला, तिस्सा. तिच्या पोटात पोर आहे. उद्या काही झालं तर मी कुणाचं तोंड बघू?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर तिस्साकडं ह्यावर चार विनोद तयार असते. मार्टिनमामा म्हणाला, मगाचं खाल्लेलं जुन्या वर्षात धरू, पोट काय विचारतंय का, आता परत खाऊ. अक्का म्हणाली, तुम्हाला खायला निमित्तच पाहिजे. दिलहानी पोटावर हात ठेवून उभी होती.

मग अम्मानं हात जोडले.

"माझ्यापायी झालं," ती म्हणाली. "सगळ्या आळीचं जे काही वाईट यायचं असेल ते माझ्यावर येऊ दे."

"नाही," तिस्सा म्हणाला. एवढ्या जोरात म्हणाला की मार्टिनमामा एक पाऊल मागं सरकला. "फटाका मी लावलाय. यायचं ते माझ्यावर येईल. अम्माचं नाव घ्यायचं नाही."

सोमावती अक्का त्याच्याकडं बघत राहिली.

"म्हणजे मानतोस तर," ती म्हणाली.

तिस्साला सांगायचं होतं की मानत नाही. तोंडही उघडलं त्यानं. पण अम्मानं जोडलेले हात अजून सोडले नव्हते, आणि ती डोळे मिटून मनातल्या मनात सगळं स्वतःवरच ओढून घेत असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो तिच्यासमोर बसला आणि ते हात ओढून वेगळे केले. मग रिक्षाची किल्ली घेतली, मार्टिनमामाला अम्माची दुसरी बगल धरायला सांगितली. दवाखान्यात जायला हवंच होतं, सुईचा असर अजून उतरला नव्हता.

रिक्षात बसवून झाल्यावर तो परत फाटकापाशी आला. दिलहानी तिथंच उभी होती.

"डॉक्टरनं तारीख कधीची दिलीय?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितली. त्यानं ती हळूच पुन्हा एकदा म्हणून बघितली, जसं काही पत्ता पाठ करतोय. मग म्हणाला की ह्या महिन्यात लांबचं भाडं घेणार नाही, इथंच असेन, रात्री-अपरात्री कधीही हाक मार. दिलहानी बरं म्हणाली.

तिस्सानं रिक्षा सुरू केली. मागं अम्मा गुळाचा खडा चोखत होती. तो घाटाला लागेपर्यंत सारखा आरशात बघत होता, ती चोखतेय ना, थांबली तर नाही ना.