बाहुल्यांचा विमा

त्या दिवशी सकाळपासून बाहुलीवालीच्या पायाला भिंगरी लागली होती. तिला नाव होतं, पण गल्लीत ते कुणी वापरत नसे. मोडक्या बाहुल्या दुरुस्त करते म्हणून बाहुलीवाली, विषय संपला. पुढच्या खोलीतल्या टेबलावर तिचा दुसरा संसार मांडलेला असायचा: काचेचे डोळे, केसांचे झुबके, हातपाय जोडायचं इलॅस्टिक, दाबलं की "मा" म्हणणाऱ्या बाहुल्यांच्या पोटातल्या डब्या. आणि आता संग्रहालयानं चाळीस जुन्या बाहुल्या तिच्या हवाली करायचं ठरवलं होतं. एवढं काम एकदम तिनं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. अट एकच. बाहुल्या तिच्या घरात असेपर्यंत त्यांचा विमा हवा, आणि त्याचा कागद आज संध्याकाळच्या आत.

घराचा विमा होता, पण तो भिंतींचा आणि भांड्याकुंड्यांचा. गिऱ्हाइकाची वस्तू त्यात बसत नाही, असं तीन कंपन्यांनी तिला ऐकवलं. "घर म्हणजे घर, दुकान म्हणजे दुकान," असं म्हणून तिसरीनं तर फोनच ठेवला. चौकशी करकरून तिच्या नाकी नऊ आले. चौथीकडे मात्र घरातून चालणाऱ्या व्यवसायासाठी वेगळा विमा निघाला. पाहणी पसंत पडली की लगेच पत्र.

"बाबा, विम्याच्या बाई येतायत. कोपऱ्यावरून घेऊन येते त्यांना," एवढंच ती सासऱ्यांना म्हणाली आणि चपला अडकवून पळाली.

इथेच घोटाळा झाला. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं एका गोदामात माल सांभाळला होता आणि घरच्या विम्याची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली होती. घरात धंदा आढळल्यास विमा रद्द, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे आज धाड येणार. म्हातारा कंबर कसून उठला.

ती बाईंना घेऊन आली तर खोली चकाचक. टेबलावर फुलदाणी, खुर्चीत पेपर वाचणारे सासरे.

"व्यवसाय कुठे चालतो?" बाईंनी विचारलं.

"व्यवसाय?" सासरे पेपरातून म्हणाले. "इथे कसला आलाय व्यवसाय? आम्ही साधी माणसं."

बाई सोफ्यावर टेकल्या आणि उशीतून "मा" असा आवाज आला. सासरे जोरात खोकले.

"चहा टाक गं," ते घाईनं म्हणाले, आणि लगेच दचकले. "नको, सरबतच कर."

तोवर तिनं चहाचा डबा उघडला होता. आतून पन्नास निळे डोळे तिच्याकडे बघत होते. हसावं की रडावं तिला कळेना. तिनं तो डबा तसाच बाईंसमोर ठेवला.

"बाबा, लपवायचं नव्हतं हो. ह्याचाच तर विमा काढायचाय."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुझं काम बंद पाडतील," ते हळूच म्हणाले.

पेपर काखोटीला मारून ते उठले, दोघींना आतल्या खोलीत घेऊन गेले आणि आपलं लोखंडी कपाट त्यांनी उघडलं. ह्या कपाटाला कुणी नुसता हात लावलेलाही त्यांना खपत नसे. आत एका कप्प्यात डोकी, दुसऱ्यात हातपाय, आणि प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: डोकी नऊ, उजवे हात सतरा. त्यांचे शर्ट-पँट पलंगाखाली गोळा होऊन पडले होते.

बाईंनी एकेक चिठ्ठी वाचून काढली. "काम संपलं की माल कुलपात, शेगडीपासून लांब, आणि त्याची यादी," त्या म्हणाल्या. "ह्याच अटींवर लोकांचं घोडं अडतं. हे आवरायला किती वेळ लागला?"

"अठरा मिनिटं," सासरे म्हणाले. "गुडघ्यानं दगा दिला, नाहीतर बारा."

बाईंनी फॉर्म काढला. "व्यवसायात माणसं किती?"

एक, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिची नजर पलंगाखालच्या शर्टांकडे गेली.

"दोन," ती म्हणाली. "मी, आणि माल सांभाळणारे हे."

सासऱ्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला, तो उलटा.

चारच्या सुमारास पत्र आलं. तिनं लगेच संग्रहालयाला फोन लावला. "पाठवा," ती म्हणाली, "सगळ्या पाठवा."

आतून कपाटाचं दार करकरलं. "चाळीस म्हणालीस ना?" सासरे विचारत होते. "मग खालचा कप्पाही रिकामा करतो. त्यातल्या कोटाचं काय, घालूनच बसेन."