अध्यक्ष, थोरल्यांना सांगा

फुलाबाईचं तोंड एकदा सुटलं की करंजटेपातली कोंबडीसुद्धा दाणे टिपायची थांबते, असं तिचा नवरा गेनबा म्हणायचा. अर्थात ती घरात नसताना. पण हीच फुलाबाई थोरल्या दिरासमोर मुकी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आनंदरावांशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. भांडण वगैरे काही नाही, घराची रीतच तशी. थोरले समोर आले की पदर डोक्यावर आणि जीभ टाळ्याला. अगदीच निकड पडली तर मध्ये कुणाला तरी घालायचं. "पोरा, थोरल्यांना सांग, पानी तापलंय." पोरगा घरात नसला तर मांजर, आणि मांजरही उंडारायला गेलेलं असलं तर सोप्यातला खांब. आनंदराव तिथंच दोन हातांवर सुपारी कातरत बसलेले असायचे. तेही खांबाकडं बघूनच म्हणायचे, "खांबा, सांग, आलो म्हनावं."

एवढ्या वर्षांत त्या खांबाला कान फुटले नाहीत, हेच नवल.

आनंदराव म्हणजे गावचे माजी सरपंच. या खेपेला पद बायकांसाठी राखीव निघालं, तेव्हा त्यांनी आपली सून सुलक्षणा उभी केली आणि निवडून आणली. खुर्ची सुनेची आणि शब्द सासऱ्याचा, हे सगळं गाव जाणून होतं. सुलक्षणा सही करायची, मान डोलवायची आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायची. सासऱ्यासमोर तीही बोलत नसे. त्या घरात बायकांचा आवाज नेहमी वळसा घालूनच पोचायचा.

आता गावाला विकासाचा निधी आला होता, आणि आनंदरावांच्या मनात कमान भरली होती. फाट्यावर दगडी कमान, वर त्यांच्या वडलांचं नाव. ते वडील म्हणजे फुलाबाईचे सासरे, तिचे मामंजी. आणि फुलाबाईला हवं होतं आरोग्य उपकेंद्र. तसं उपकेंद्र गावात होतंच, पण छप्पर गळकं, नळाला पाणी नाही, दाराला कायमचं कुलूप. नर्सबाई भोरहून एसटीनं यायच्या, अंगणवाडीत लसी टोचायच्या आणि परतीच्या गाडीनं जायच्या. "राहायला कोरडी जागा अन् पाणी द्या, मी इथंच राहते," असं त्यांनी कितीदा सांगितलं होतं. ऐकतो कोण!

फुलाबाईचा जीव यात अडकला होता तो तिच्या सुनेपायी. शेफालीचं पहिलं बाळंतपण रीतीनं माहेरी, वरवे बुद्रुकला व्हायचं होतं. पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, हितं, सासरी. कुलूपबंद उपकेंद्रावरून टेम्पो मोठ्या दवाखान्याकडं निघाला आणि मार्गासनीच्या अलीकडंच, फुलाबाईच्या मांडीवर, मूल आलं आणि गेलं. मुलगा होता. त्या दिवसापासून शेफाली हसायची विसरली. आता तिला पुन्हा सातवा लागला होता. दुसरं बाळंतपण सासरचं. पोरगी रात्री दचकून उठायची आणि विचारायची, "आत्या, टेम्पो हाय ना दारात?" ते ऐकून फुलाबाईच्या काळजाचं पाणी व्हायचं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. पुरुष पुढं खुर्च्यांवर, बायका मागं सतरंजीवर. आनंदराव पहिल्या रांगेत, मिशीला पीळ देऊन. शेजारी त्यांची भावकी. सुलक्षणा टेबलामागं, पदर कपाळापर्यंत ओढून. आणि उभा होता नवा ग्रामसेवक अमृत, भाटघरचा पोरगेला गडी. याला मोबाईलवर संसदेतली भाषणं बघायचा भारी नाद. घसा खाकरून त्यानं सुरुवात केली.

"मागच्या सभेत एकमेकांच्या अंगावर धावून जाणं झालं. आज तसं चालणार नाही. लोकसभेत कसं असतं? कोणी कोणाशी थेट बोलत नाही. कितीही राग येऊ दे, बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. 'अध्यक्ष महोदय, माननीय सदस्यांना सांगा,' असं. इथंही तसंच होईल. अध्यक्ष म्हणजे सरपंचबाई."

पुरुषांनी तोंडं वाकडी केली. हे कसलं नवीन थेर! फुलाबाई मात्र ताठ बसली. थेट बोलायचं नाही? मध्ये कुणीतरी धरायचं? अगं बाई, मग हे तर आपलं जन्माचं शिक्षण! दिल्लीच्या लोकांना पगार देऊन हे शिकवावं लागतं, आणि आपण खांबावर शिकलो!

तेवढ्यात आनंदराव उठले. कमानीचा ठराव मांडताना ते म्हणाले, "गावाला कमान म्हंजी मानसाला तोंड. बिनतोंडाच्या गावाला कोन इचारतंय?" भावकीनं टाळ्या वाजवल्या. ठराव आता मंजूरच होणार, अशा थाटात ते बसले.

मागून आवाज आला.

"अध्यक्ष, थोरल्यांना सांगा."

सगळ्या माना वळल्या. फुलाबाई उभी होती. पदर डोक्यावर, नजर खाली, रीत जिथल्या तिथं. फक्त आवाज असा खणखणीत, की फाट्यावर ऐकू जावा.

"थोरल्यांना सांगा, गावाला तोंड पायजे हे खरं हाय. पर तोंड आलं तर औशद द्यायला नर्सबाई बी पायजे."

बायकांत आधी खसखस पिकली, मग पुरुषांतही. गेनबानं टोपी डोळ्यांवर ओढली. आनंदराव लालबुंद होऊन उठले. पण करतात काय? भावजयीशी थेट बोलायची सोय त्यांनाही नव्हती. सवयीनं ते शाळेच्या पडवीतल्या खांबाकडं वळले आणि गरजले, "खांबा, सांग हिला—"

"आनंदराव," अमृत अदबीनं म्हणाला, "खांबाला नाही. अध्यक्षांना."

मग जो हशा उसळला, तो आवरता आवरेना. आनंदराव आपल्या सुनेकडं बघत राहिले. जिला ते 'अगं ए' म्हणून हाक मारायचे, तिलाच आता बोलायची परवानगी मागायची होती. मोठ्या कष्टानं शब्द बाहेर पडला.

"अध्यक्ष... महोदया."

सुलक्षणानं पदर कपाळावरून किंचित मागं सारला. "बोला," ती म्हणाली. एवढंच. पण सासऱ्यानं सुनेचा आवाज समोरून ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"ह्यास्नी सांगा, दवाखाना हे सरकारचं काम. गावानं त्यात पैका का घालावा? आन कमान काय माज्या नावाची न्हाई, आमच्या आबांची हाय. सासऱ्याच्या नावाला सूनच आडवी येती, ही कुठली रीत?"

हा घाव वर्मी बसला. फुलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही.

"अध्यक्ष, थोरल्यांना सांगा, नर्स सरकारनं दिली, भिंती सरकारनं दिल्या. आपल्याला फकस्त छप्पर आन पानी द्यायचंय. आन मामंजींचं म्हनाल, तर त्यांच्या शेवटच्या दुखन्यात उशाला म्या बसले व्हते. त्यांच्या नावाला म्या कशी आडवी यीन? पर मामंजींचा पनतू टेम्पोत गेला, माज्या ह्या मांडीवर. त्याचं नाव कुठल्या कमानीवर कोरायचं, तेवढं थोरल्यांना इचारा. त्याला तर अजून नावबी न्हवतं."

शेफाली तोंडाला पदर लावून रडत होती, आणि शेजारच्या धोंडाबाईनं तिला जवळ ओढून धरली होती.

अमृतनं मतदान पुकारलं. कमानीच्या बाजूनं भावकीचे आणि पुढच्या रांगांतले हात वर गेले. मग उपकेंद्र. सतरंजीवरचे सगळे हात उठले, त्यात सगळ्यात उंच शेफालीचा. गेनबानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि थोरल्या भावाच्या डोळ्यांदेखत हात वर केला. अमृतनं मोजलं, पुन्हा मोजलं आणि घाम पुसला.

"समसमान. आता अध्यक्षांचं मत निर्णायक."

सगळं गाव सुलक्षणाकडं बघायला लागलं. आनंदरावही. ती नजर तिच्या ओळखीची होती. त्या नजरेच्या इशाऱ्यावर तिनं आजवर सह्या केल्या होत्या. सुलक्षणा उठली. तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले.

"अध्यक्षांचं मत उपकेंद्राला," ती म्हणाली. "ठराव मंजूर. छपराचं काम याच आठवड्यात धरायचं."

बायकांनी असा काही कल्ला केला, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. धोंडाबाईनं फुगडीसाठी हात पुढं केले, आणि फुलाबाईनं गुडघे दुखतात हे विसरून दोन गिरक्या घेतल्याही. जिंकलो आपण! तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, साऱ्या वेल्ह्याला, भोरला, त्या दिल्लीच्या सभेला. आणि शेफाली चक्क हसत होती, डोळे पुसत, पोटावर हात ठेवून.

पांगापांग झाली तसे आनंदराव बायकांच्या बाजूला आले. सगळ्यांचे पदर सवयीनं वर गेले. ते थांबले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग सुलक्षणाकडं तोंड करून म्हणाले, "सरपंचबाई, ह्यास्नी सांगा... म्या हारलो. आबा असते तर त्यांनी बी तिकडंच हात केला असता. आन सांगा, आबांच्या पनतवाच्या... न्हाई, माज्या, नातवाच्या बारशाला मला इसरू नका. नाव म्या ठिवीन."

सुलक्षणा निरोप द्यायला वळली, पण फुलाबाईनं तिला हातानंच बाजूला केलं. ती थोरल्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"नाव ठिवायचा मान बाळाच्या आत्याचा. तुमी आजवर नावं ठिवलीत तेवढी बास झाली, भावजी. तुमी जेवायला या."