नाव घातलेला डबा

मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना डबा आहे. दादरच्या शोभनाताईंनी मला मुलाच्या मुंजीत घेतले आणि दुकानदाराकडून माझ्यावर नाव घालून घेतले: 'चि. दत्तप्रसाद'. त्या नावाचा मला भारी तोरा होता. लाडवांनी मी कायम भरलेला असे.

मुलगा दुबईत साहेब झाला आणि त्याचे पोट बिघडू लागले. सत्त्याण्णव साली त्याचा फोन आला. बोलत होता इतका मोठ्याने, की फळीवर मलाही ऐकू आले.

"आई, आपल्या वैद्यांचं चूर्ण पाठव ना."

"अरे, त्यात भांग असते. तिकडे चालते का?"

"चिमूटभर तर असते! आमचा ड्रायव्हर मोहिद्दीन सुट्टीवरून परत येतोय, त्याच्याबरोबर दे. भांगेचं बोलू नकोस, उगाच घाबरेल."

शोभनाताईंनी ते चूर्ण माझ्यात भरून मला मोहिद्दीनकडे दिले. परतणाऱ्या माणसाने चार घरांचे डबे न्यायचे, ही तिकडची रीतच होती. "साहेबांच्या आईचा डबा, मग उघडायचा कशाला?" असे म्हणून मोहिद्दीनने मला आपल्या कपड्यांत गुंडाळले.

दुबईच्या विमानतळावर मात्र माझे झाकण उघडले. घरचे औषध तिथे गुन्हा ठरले. पोलीस मला आणि मोहिद्दीनला दुसऱ्या खोलीकडे नेऊ लागले, तेव्हा मला न्यायला आलेला दत्तप्रसाद काचेपलीकडे उभा होता. मी त्याला दिसलो. 'हा माझा डबा' एवढेच त्याने म्हणायचे होते. तो पुढे आला, थबकला आणि गर्दीत शिरला. मोहिद्दीनने ते पाहिले.

"ये क्या लिखा है?" अधिकाऱ्याने माझ्यावरच्या नावावर बोट ठेवले.

"कुछ नहीं साब, नक्शी है," मोहिद्दीन म्हणाला.

त्याला तुरुंगवास झाला, नोकरी गेली. शेवटी त्याला रत्नागिरीला परत पाठवले, आणि त्याच्या सामानात मलाही, रिकामाच. त्याची बायको ताजबी माझ्यात साखर ठेवू लागली.

पुष्कळ वर्षांनी दत्तप्रसाद त्या घरी आला. केस पिकले होते.

"नोकरी जाईल म्हणून भ्यालो रे. घरी बायकोमुलं होती."

"माझीपण होती, साहेब," मोहिद्दीन शांतपणे म्हणाला.

ताजबीने चहाबरोबर मला पुढे ठेवले. दत्तप्रसादने माझ्यावरून बोट फिरवले. त्याचे डोळे भरून आले.

"हा माझा डबा," तो म्हणाला.

"तवा बोलायचं होतं. आता तो माझा हाय," असे म्हणून ताजबीने त्याच्या चहात साखर घातली.

मित्रांनो, दुसऱ्याच्या हाती काही द्याल, तेव्हा आत काय आहे ते आधी सांगा. आणि वस्तू तुमची असेल, तर वेळेवर पुढे या. ताजबी मला रोज राखेने घासते, पण घातलेले नाव काही जात नाही.